खनिज तेल आणि आपला संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी शहागड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या वाढदिवशी काही गोडधोड बोलावे, अशी रीत आहे. मी निवडलेला विषय त्या मानाने कोरडा आहे, आणि रंगाने तर काळाकुट्टच आहे. जगातल्या खनिज तेलाचे पुढे काय होणार आणि त्याचा आपल्यासारख्यांच्या संसाराशी संबंध काय, हा तो विषय. तेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल येते. त्याची बरणी आपल्या हाताखालची असते. तीत किती उरले आहे आणि ते सणापर्यंत पुरेल की नाही, हे कोणतीही गृहिणी न पाहता सांगेल. दुसऱ्या तेलाची बरणी मात्र आपण कधी पाहिलेली नसते. ते जमिनीच्या पोटातून निघते, बहुतेक परदेशातून जहाजाने येते, आणि आपल्या हाती पडते तेव्हा त्याचे रूपही पालटलेले असते. तरीही आपला दिवस त्याच तेलावर चालतो. मग त्या बरणीत किती उरले, याची चौकशी आपण का करू नये?

आधी त्याचा वावर किती आहे ते पाहू. आपले गाव गोदावरीच्या, म्हणजे आपण जिला गंगा म्हणतो तिच्या काठी, धुळे-सोलापूर हमरस्त्यावर वसलेले. या पुलावरून रात्रंदिवस मालमोटारी जातात त्या डिझेलवर. अंबडला किंवा बीडला जायला आपण एस. टी.त बसतो, तीही बहुतेक डिझेलवरच. घरातली गॅसची टाकी ही तेल आणि वायूच्या विहिरींचीच देणगी. शेतात टाकायचा युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. पितळेची जड घागर जाऊन डोक्यावर प्लास्टिकची हलकी घागर आली, ती तेलातूनच. आपल्या अंगावरचे टेरिकॉट, पॉलिएस्टर तेलातूनच. आणि दुष्काळात गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा राहतो, तेव्हा त्या पाण्यालाही तेलच ओढून आणीत असते.

हे सारे फार जुने नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया प्रांतात १८५९ साली ड्रेक नावाच्या गृहस्थाने विंधून तेल काढले, तेथून या धंद्याची सुरुवात धरतात. आपल्या देशात आसामातील दिग्बोईला १८८९ साली तेल लागले. खेड्यापाड्यांतून ते पहिल्यांदा आले ते दिव्यात. रॉक ऑइल म्हणजे खडकातले तेल, त्याचे आपल्या तोंडी रॉकेल झाले. गॅसलाइटचे घासलेट झाले. करडईच्या तेलाची पणती जाऊन चिमणी आणि कंदील आले. मग विहिरीवरच्या मोटेच्या जागी तेलाचे इंजिन आले. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५५ साली आला, आणि खेड्यातल्या गरीब घरांत तो मोठ्या प्रमाणावर पोहोचला तो २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर. पणतीपासून गॅसच्या शेगडीपर्यंतचा प्रवास आपल्या घरांतून तीन-चार पिढ्यांत झाला. त्याने बाईच्या डोळ्यांतला धूर कमी केला, डोक्यावरची मोळी उतरवली, हे उपकार कोणी विसरू नयेत. मी येथे तेलाची निंदा करायला उभी नाही.

आता प्रश्न असा की, हे तेल संपत आले आहे काय? काहीजण म्हणतात, तेल आता संपलेच. काहीजण म्हणतात, छे, अजून शेकडो वर्षे चिंता नाही. याचा उलगडा करायला आपल्याला शाळेत जायला नको. आपल्या मराठवाड्यातली विहीर पुरेशी आहे. विहीर एका दिवसात आटत नाही. दिवाळीला पाणी वर असते, पोहरा टाकला की भरतो. संक्रांतीनंतर दोर लांब लागतो. होळीला पाण्यात गाळ येऊ लागतो. पुढे विहीर खोल करावी लागते, आडवे बोअर मारावे लागतात. पाणी असतेच, पण प्रत्येक घागरीमागे कष्ट वाढतात, खर्च वाढतो, आणि शेजारणींत कुरबुरी वाढतात. तेलाचे अगदी तसेच आहे. जगाने सोपे, उथळ, जमिनीवरचे तेल आधी उपसले. मग समुद्रात उतरावे लागले. मग खडक फोडून तेल काढावे लागले. एका पिंपामागे जितके कष्ट आणि जितके इंधन पूर्वी लागे, त्याहून अधिक आता लागते. विहीर आणि तेल यांत एक फरक मात्र मोठा आहे. आपली विहीर मृगाच्या पावसाने पुन्हा भरते. तेलाच्या विहिरीवर तसला पाऊस माणसाच्या आयुष्यात पडत नाही. ते तेल तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागलेली आहेत.

याचे घरचे उदाहरण म्हणजे आपल्या मुंबईजवळच्या समुद्रातील बॉम्बे हाय. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तेथे तेल शोधले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. सगळ्या देशाला केवढा धीर आला तेव्हा! ऐंशीच्या दशकाच्या मध्यास देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल घरचे होते. पुढे ते क्षेत्र वयात आले आणि मग उतरणीला लागले. नवी यंत्रे, नव्या विहिरी यांनी उतरण सावरली जाते, पण तारुण्य काही परत येत नाही. देशाचा हिशेब पाहिला तर १९८४-८५ साली आपण सुमारे २९० लाख टन कच्चे तेल काढीत होतो. २०२३-२४ सालीही जवळजवळ तितकेच काढले. मधल्या काळात आपली गरज मात्र सुमारे सहापट झाली. म्हणून आज शंभर भागांपैकी पंच्याऐंशीहून अधिक भाग कच्चे तेल बाहेरून येते. स्वयंपाकाच्या गॅसचेही साठ भागांच्या आसपास बाहेरून, आणि तेही बहुतांशी इराणच्या आखातातून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येते. आपल्या चुलीची एक फुंकणी इतक्या दूर ठेवलेली आहे.

जगाच्या बाबतीत मात्र मी तारीख सांगणार नाही, आणि तारीख सांगणाऱ्यावर आपणही विश्वास ठेवू नये. हबर्ट नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९५६ साली सांगितले की, अमेरिकेचे तेल १९७० च्या सुमारास शिखर गाठील आणि मग घटू लागेल. तसे झालेही, आणि लोकांनी त्याला द्रष्टा म्हटले. पण पुढे खडक फोडून तेल काढण्याची युक्ती साधली आणि २०१८ साली अमेरिका जगात सर्वांत अधिक तेल काढणारा देश झाली. जगात आज रोज दहा कोटी पिंपांच्या आसपास तेल खर्च होते, आणि एका पिंपात १५९ लिटर तेल असते. म्हणजे बरणी रिकामी नाही. परंतु खडकातल्या या नव्या विहिरी लवकर उतरतात, एक उतरली की दुसरी खोदावी लागते, आणि भाव पडला की खोदणाराच हात आखडतो. तेव्हा पुढच्या काळाचे चित्र असे दिसते: तेल एका रात्री संपणार नाही, ते कधी महाग, कधी स्वस्त, कधी अडलेले, कधी मुबलक असे लहरी होत जाईल. आणि लहरी वस्तूवर संसार उभा करणे किती कठीण, हे आपल्याला पावसाने पुरते शिकवले आहे.

या लहरीपणाचे झटके जगाने खाल्ले आहेत. १९७३ साली अरब-इस्रायल युद्ध झाले, आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेला. १९७९ साली इराणात राज्यक्रांती झाली, पुन्हा भाव चढले. २०२२ साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हा भाव शंभर डॉलरच्या पुढे गेला. यांतल्या एकाही वेळी जमिनीतले तेल संपलेले नव्हते. भांडण दुसऱ्याच्या अंगणात होते आणि भाजीचा भाव आपल्या बाजारात चढत होता.

भगिनींनो, येथे माझ्या मुख्य मुद्द्याला येते. एखादी वस्तू कमी पडू लागली की ती वाटण्याच्या दोन रीती असतात. एक, ज्याच्या गाठीला पैसा त्याला आधी. दुसरी, ज्याची गरज मोठी त्याला आधी. आपण काहीच ठरवले नाही तर पहिली रीत आपोआप चालू होते. तिला सभा लागत नाही, ठराव लागत नाही. पहिल्या रीतीत सर्वांत आधी कोणाचा वाटा जातो? मोटार असलेला मोटार काढीतच राहतो. चार रुपये अधिक देतो आणि कुरकुरतो. परंतु रोजंदारीवरच्या बाईला टाकी महाग झाली की ती तक्रारही करीत नाही. ती शेगडी पुसून, वर कापड टाकून ठेवते आणि तुराट्या, पऱ्हाट्या, वेड्या बाभळीच्या काट्या गोळा करून पुन्हा चूल पेटवते. उज्ज्वलाच्या घरांतून २०२३-२४ साली वर्षाला सरासरी चारच्या आसपास टाक्या घेतल्या गेल्या. चार टाक्यांत पाच माणसांच्या घराचे वर्षभराचे रांधणे होत नाही, हे मी आपल्याला सांगायला नको. म्हणजे उरलेले रांधणे चुलीवर झाले. या मागे जाण्याची बातमी वर्तमानपत्रात येत नाही. तिचा धूर घरातल्या घरात राहतो.

दुसरे उदाहरण पाण्याचे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्याला आठवत असेल. २०२४ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात हजाराहून अधिक टँकर चालू होते, आणि त्यांत आपल्या जालना जिल्ह्याचा वाटा मोठा होता. ज्या साली पाऊस नाही त्याच साली डिझेलही अडले, तर काय होईल? गंगेच्या काठी राहूनही दुष्काळी सालात जायकवाडीच्या खाली पात्र कोरडे पडलेले आपण पाहतो. अशा वेळी टँकरची खेप चुकली तर दोन कोसांवरून पाणी आणायला कोण जाईल? पुरुषमंडळी चर्चा करतील, आणि घागर घेऊन निघेल ती घरातली बाई, आणि तिच्यामागे शाळा बुडवून तिची मुलगी. तेलाची टंचाई अशी शेवटी मुलीच्या शाळेच्या हजेरीपटावर उतरते.

मग दुसरी रीत, गरजेप्रमाणे वाटण्याची, ती शक्य आहे काय? आहे, आणि ती आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो बाया खडी फोडायला बसल्या. धान्य कमी होते, हाताला काम नव्हते. त्या काळात वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना राज्यभर राबवली गेली आणि पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम मिळाले पाहिजे, असे समाजाने ठरवले. त्याच १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी बायांनी निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रियांना एकत्र करून महागाईविरुद्ध समिती उभारली आणि हातात लाटणी घेऊन मोर्चे काढले. धान्य, साखर, तेल, रॉकेल रास्त भावात आणि रेशनवर मिळाले पाहिजे, ही त्यांची मागणी. लाटणे हे शस्त्र नव्हे. पण स्वयंपाकघरातले दु:ख हे घरातच गिळायचे दु:ख नव्हे, इतके त्या लाटण्याने सरकारला ऐकवले.

दूरदेशीचे उदाहरण क्यूबाचे. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि क्यूबाला मिळणारे स्वस्त तेल अकस्मात आटले. ट्रॅक्टर उभे राहिले, बसगाड्या बंद पडल्या, दिवे तासन् तास गेले. लोकांनी बैल पुन्हा जुंपले, चीनहून लाखो सायकली आणल्या, शहरात परसबागा केल्या. फार हाल झाले; लोकांची अंगे वाळली, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु रेशन टिकवले गेले आणि लहान मुलांच्या दुधाला अग्रक्रम राहिला. तेथली सारी राज्यव्यवस्था आपण उचलावी असे माझे म्हणणे नाही. कमी पडले तर आधी कोणाला द्यायचे हे समाजाने ठरवून ठेवले, तर दुबळ्याचा जीव तगतो, एवढेच त्यातून घ्यावे.

कोणी म्हणेल, तेलाला पर्याय निघत आहेत, मग काळजी कशाला? पर्याय निघत आहेत, ही खरोखर आनंदाची गोष्ट. १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, त्याच मार्गावर २०२२ च्या १ जूनला विजेवरची ‘शिवाई’ धावली. शेतात सौरपंप बसू लागले आहेत. पण प्रत्येक पर्यायाचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे. आपल्या अंबड तालुक्यात ऊस आहे, अंकुशनगरला कारखाना आहे, तेव्हा इथेनॉलचे उदाहरण घेऊ. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये शंभरात वीस भाग इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली. उसाला नवे गिऱ्हाईक मिळाले, परदेशी जाणारा पैसा काही वाचला. परंतु ऊस पाणी पितो, आणि पाणी हीच तर आपली टंचाई. २०२३ साली पाऊस कमी पडला, तेव्हा साखर कमी पडेल या भीतीने डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारला बंधन घालावे लागले. म्हणजे तेलाची लहर टाळायला गेलो आणि पावसाच्या लहरीत सापडलो, असेही होऊ शकते. मोटारीची टाकी आणि पिण्याची घागर यांत निवड करायची वेळ आली, तर ती निवड करणाऱ्या सभेत घागरवालीही बसलेली असावी.

आता आपल्या मंडळापुरते बोलते. नुसती भीती घालून जाणे हे पाहुण्याला शोभत नाही. मला तीन कामे सुचतात.

पहिले काम घरातले. एकाच इंधनावर सारा संसार टांगू नये. ज्यांच्याकडे दोन-चार जनावरे आहेत त्यांना गोबर गॅस अजूनही परवडतो. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कांडीकोळसा करण्याची पद्धत बसवली. तिला २००२ साली इंग्लंडातील ॲश्डेन पारितोषिक मिळाले. खरकट्या अन्नावर चालणाऱ्या छोट्या गॅससंयंत्रासाठी २००६ साली ते पुन्हा मिळाले. त्यांचा ‘सराई’ कुकर शंभर ग्रॅमच्या आसपास कोळशात चार-पाच माणसांचा डाळभात शिजवतो. ज्या पाचटाला आपण काडी लावतो त्यात कोणाचा तरी स्वयंपाक असतो. मंडळाने यांतले एखादे साधन आणून वापरून पाहावे, पटले तर दुसरे आणावे. डाळ भिजत घालणे, झाकण ठेवणे, कुकर वापरणे हे आपण करतोच. ते सुनांना सांगावे आणि मुलांनाही शिकवावे.

दुसरे काम पाण्याचे. टँकरचे डिझेल वाचवायचे तर टँकरच लागू नये अशी व्यवस्था हवी. आपल्याच जिल्ह्यात कडवंची गाव आहे. विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली तेथे १९९६ पासून पाणलोटाचे काम झाले. बांध घातले, पाणी अडवले, पुढे शेततळी केली. आज ते द्राक्षांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि २०१२ सारख्या दुष्काळातही तेथल्या बागा तगल्या. एक दिवस काढून मंडळाने तेथे सहल न्यावी. देवदर्शनाइतकेच पुण्य पदरी पडेल.

तिसरे काम सभेतले, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असा आपल्या राज्यात कायदा आहे. पुष्कळ गावी ती कागदावर होते आणि अंगठे घरपोच घेतले जातात. आपण ती प्रत्यक्ष भरवावी आणि तीत एक साधी यादी करावी: उद्या इंधन अडले, तर या गावात आधी काय चालले पाहिजे? माझ्या मते पिण्याच्या पाण्याचा टँकर पहिला, दवाखान्याची गाडी दुसरी, शाळकरी मुलींची एस. टी. तिसरी, पेरणीचे दिवस असतील तर ट्रॅक्टर चौथा. लग्नाच्या वरातीतल्या गाड्या आणि वाजंत्री सर्वांत शेवटी. आपली यादी निराळी होईल, त्यावर वादही होतील, होऊ द्यात. टंचाईच्या दिवशी झालेला वाद मारामारीवर जातो, सुकाळात झालेला वाद ठरावावर संपतो. यादी ठरली की ती ग्रामसभेत मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या आणि तहसीलदारांकडे एक प्रत पाठवा. कोणत्या घरी म्हातारी एकटी आहे, कोणत्या घरी बाळंतीण आहे, कोणाची टाकी तीन महिने भरलेली नाही, हे कचेरीच्या दप्तरात सापडणार नाही. ते आपल्याला ठाऊक असते. म्हणून ही यादी बायांनीच केली पाहिजे.

घरात पाहुणे अधिक आणि भाकरी कमी असा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकीवर आलेला आहे. अशा वेळी मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी वाढावे, मग बाकीच्यांना, आणि कोणी उपाशी उठू नये, ही अक्कल आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. मात्र शेवटी उरलेल्यावर आपणच भागवावे हा त्यातला भाग आता सोडावा. पुढच्या काळात सबंध समाजाला हे वाढपाचे काम करावे लागणार आहे. ते काम ज्यांना येते त्यांनी मागच्या ओळीत बसू नये, एवढीच माझी विनंती.